वस्तादाचा आकडा

"वस्ताद, आज किती?"

"चार."

"परत चारच? माझं बघा, नऊ. काल आठ हुतं."

"माझं सहा," आप्पासो म्हणाला आणि त्यानं फोन घाईघाईनं मांडीवर पालथा घातला.

डेअरीला दूध घालून मी रिकामी किटली हलवत परत येत होते. तालमीच्या कट्ट्यावर तीन म्हातारी डोकी एकमेकांना टेकलेली, तिघांच्या हातात तीन फोन. मधलं पांढरंशुभ्र डोकं आमच्या मालकांचं, हिंदुराव वस्तादांचं. एका अंगाला गुंडू, दुसऱ्या अंगाला आप्पासो. दोघंही यांच्याच हाताखाली तयार झालेले पैलवान. आता साठी ओलांडून गेले, सुना आल्या, नातवंडं झाली, तरी यांच्याजवळ बसताना पाय पसरून बसायची हिंमत नव्हती दोघांची.

आकडे कानावर पडले आणि माझं टाळकं तापलं. मटक्यापायी आमच्या गल्लीतलं एक चांगलं घर उघड्यावर आलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. तालमीचा उंबरा बाईमाणसानं ओलांडायचा नाही, आत मारुती आहे, लाल मातीचा हौदा आहे. तो नियम मी लग्न झाल्यापासून पाळला. पण कट्टा उंबऱ्याच्या बाहेर आहे.

"काय वो, मारुतीच्या दारात बसून मटका लावताय? लाज न्हाई वाटत?"

तिघं असे दचकले की गुंडूच्या हातातनं फोन खाली पडला.

"मटका न्हाई वो वैनी! आईशप्पत न्हाई."

"मग आकडा कसला?"

गुंडूनं आप्पासोकडं बघितलं. आप्पासोनं पिंपळाकडं बघितलं. पिंपळ काय बोलणार?

"मालन, घरला जा," हे म्हणाले.

"जाते की. ह्यो घेऊन जाते." मी यांच्या हातातला फोन काढून घेतला.

या मनगटानं पंजाबातल्या पैलवानाचा हात सुटू दिला नव्हता असं अजून लोक सांगतात. पण चेल्यांच्या समोर बायकोशी ओढाओढ करणं काही यांना शोभलं नसतं. सोडला त्यांनी फोन. मी किटली आणि फोन दोन्ही घेऊन घर गाठलं.

आमची सून शैला भाकरी थापत होती. मी फोन तिच्यापुढं धरला. "बघ, तुझ्या सासऱ्यानं ह्यात काय लावलंय ते."

शैलानं पदराला हात पुसले, बोट फिरवलं, आणि वाचता वाचता तिचे कान लाल झाले.

"आत्याबाई, मटका न्हाई हा. हे मामंजींचं... लघवीचं हाय."

"लघवीचा मटका?"

"अवो न्हाई!" हसू दाबता दाबता तिला ठसका लागला. "ह्याला ॲप म्हणत्यात. डॉक्टरनं टाकून दिलंय. लघवीचा त्रास असतोय ना म्हाताऱ्या माणसांस्नी, तो रोज ह्यात भरायचा. रात्री किती वेळा उठलात, धार बारीक येते का, थांबून थांबून होते का, एकदम घाई लागते का. गोळी घेतली का, घेतल्यावर काय झालं. मग ह्ये सगळ्याची बेरीज करून आकडा देतंय. पस्तीसपैकी. जितका कमी तितकं बरं. आणि तिकडं डॉक्टरला दिसतंय."

"आणि ह्यांचा आकडा चार."

"व्हय. म्हंजे त्रास न्हाईच म्हणायचा."

"वाचून दाव मला. एकेक वाच."

मी तिसरीत शाळा सोडलेली बाई. आकडे कळतात, अक्षर लागता लागता लागतं. शैला वाचत गेली. रात्री उठणं, एकदा. धार बारीक, नाही. थांबून थांबून, नाही. गोळी घेतली, होय. उठताना चक्कर, नाही.

तिच्यासमोर मी काही बोलले नाही. सासऱ्याची अब्रू सुनेपुढं झाकायची असते. पण हे सोप्यात झोपतात आणि मागच्या दाराची कडी माझ्या उशाला आहे. ती कडी रात्रभर किती वेळा वाजते ते मला झोपेतही कळतं. आणि परवाच, जेवून उठताना यांनी खांबाला घट्ट धरलं होतं. पायाला मुंग्या आल्यात म्हणाले होते.

दुपारी ताट वाढलं, शैलाला शेळीला पाला आणायला पाठवलं आणि मी समोर बसले. एरवी मी यांच्या जेवताना समोर बसत नाही. बसले की यांना कळतं, आता काहीतरी येणार.

"रात्री एकदा उठला व्हय?"

घास तोंडापाशीच थांबला. "कोण म्हणतंय?"

"तुमचा फोन म्हणतोय. मी म्हणते ते निराळंच हाय."

"शैलानं वाचून दावलं?"

"तिला कशाला मधी घेताय? मागच्या दाराची कडी कोण काढतंय ते सांगायला मला फोन लागत न्हाई. आणि परवा खांब धरला तो कशाला, मिठी मारायला?"

हे आमटीत बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "ते गोळीनं हुतंय. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती. जरा दम धरला की जाती."

"मग तसं सांगायचं डॉक्टरला! त्यासाठीच दिलंय ना त्यानं?"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं ते तुला ठावं न्हाई." यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "त्यो पहिल्याच दिवशी म्हणाला हुता. आकडा उतरला तर गोळी चालू ठेवायची. न्हाई उतरला तर तपासणी, आणि बहुतेक आपरेशन. जत्रा कवा हाय? म्हैन्याच्या शेवटाला. एक नंबरच्या कुस्तीला पंच कोण?"

"तुम्ही. दुसरं कोण असणार?"

"मग झालं तर."

यांची कुस्ती सुटल्यापासून भैरोबाच्या जत्रेत शेवटच्या मोठ्या कुस्तीला शिट्टी यांच्याच तोंडात असायची. वारणाकाठच्या गावांत म्हणायचे, हिंदुराव वस्तादानं हात वर केला की हरलेला पैलवानही पाया पडून जातो. तो मान यांच्या एकट्याचा नव्हता. मी कुठल्याही गावात लग्नकार्याला गेले की बायका सरकून मला जागा करायच्या. ती जागा मलाही गोड लागायची. उगीच नाही कशाला म्हणू?

"कुस्त्यांचं मैदान होऊ दे," हे म्हणाले. "दुसऱ्या दिवशी खरं टाकतो."

"आणि तवर तुमचं शरीर थांबून ऱ्हातंय व्हय? त्याला काय जत्रेची पत्रिका दिलीया?"

"आणि त्या दोघांचं काय? गुंडूचा नऊ, आप्पासोचा सहा. माझ्या हाताखालची पोरं ती. त्यांच्या मधी बसून मी चोवीस सांगू?"

चोवीस. खरा आकडा मला तेव्हा कळला.

"अवो, ही काय कुस्ती हाय?"

"आकडा आला की कुस्तीच," असं म्हणून यांनी ताट सारलं.

मी तडक डॉक्टरकडं जाऊन सगळं सांगू शकले असते. माझी जीभ आणि माझे पाय कुणाच्या बापाला भीत नाहीत. पण या माणसानं आयुष्यातली प्रत्येक कुस्ती स्वतःच्या अंगावर घेतली, एकही कधी बरोबरीत सोडवून घेतली नाही. ही एक मी बाहेरून सोडवायची? माझ्या मनाला ते पटेना. आणि गप्प बसणं तर मला जन्मात जमलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुंडूच्या घरी जत्रेच्या शेवया करायच्या होत्या. अंगणात बाजा टाकल्या होत्या, बाजेवर धोतरं अंथरली होती आणि आम्ही बायका पाटावर शेवया वळत बसलो होतो. गुंडूची बायको हिरा, आप्पासोची बायको बाळाबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघीतिघी. गल्लीतल्या बायका पीठ मळायला आत गेल्या तशी मी म्हटलं,

"हिरा, तुझा दाल्ला रात्री किती वेळा उठतोय गं?"

हिराच्या हातातली शेवई तुटली. "अगं बया! आक्का, ह्या वयात हे काय इचारताय?"

"तसलं न्हाई, वाकडतोंडे. लघवीला."

"हां, तसं व्हय!" हिरा कपाळावर हात मारून हसली. "उठतोय किती हे इचारू नका, निजतोय कवा हे इचारा. पाठ टेकली की उभा. मी तर म्हटलं, तुमचं अंथरूण न्हाणीतच घालते, म्हंजे माझी तरी झोप मोडायची न्हाई. आणि आत जाऊन उभं ऱ्हायचं ते ऱ्हायचंच. मी हिकडनं हाक मारते, अवो, झोपलासा का तिथंच?"

"मग कट्ट्यावर आकडा नऊ कसा सांगतोय?"

मी तिला आकड्याचं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता हिराचं हसू ओसरलं.

"नऊ? आमच्या घरात नवाला तर काय सुरूबी हुत न्हाई, आक्का. खोटं सांगतोय त्यो. ठार खोटं. पण कशापायी?"

तेवढ्यात माझं लक्ष बाळाबाईकडं गेलं. ती हसत नव्हती. शेवई वळत नव्हती. पिठाचा गोळा नुसता हातात धरून बसली होती.

"बाळाबाई, तुझं काय?"

"आमच्यात तर पाणीच बंद झालंय," ती हळू म्हणाली.

"कसलं पाणी?"

"प्यायचं. दुपार झाली की तांब्याला हात लावंनात. असल्या उन्हात! म्हणत्यात, पाणी प्यालं की आकडा वाढतोय. वस्तादांचा चार हाय, माझा सहाच्या वर जाऊन चालायचं न्हाई. आणि आज सकाळधरनं..." तिनं पदर तोंडाला लावला.

"आज काय? बोल की!"

"जात्यात आणि तसंच माघारी येत्यात. एक थेंब न्हाई. पोटाला हात लावू देईनात. म्हणत्यात, कट्ट्यावर कळलं तर बघ."

मी पाटावरनं उठले ती पिठाच्या हातानंच. आप्पासोचं घर दोन घरं सोडून. बाजल्यावर कुशीवर पडला होता, गुडघे पोटाशी घेऊन. घामानं बनियन भिजलेली. एवढा मोठा गडी, उसाची मोळी एका हातानं गाडीत टाकणारा, आणि तोंड लहान मुलासारखं झालेलं.

"आप्पासो, उठ."

"वैनी, पाया पडतो. वस्तादास्नी सांगू नका."

"सांगत न्हाई. बोलावून आणते."

गुंडूची जीप होती. मागच्या बाकावर आप्पासोला आडवं घातलं, डोकं बाळाबाईच्या मांडीवर. पुढं गुंडू आणि हे. मी पायाशी. तालुक्याच्या गावापर्यंत रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला आप्पासोच्या तोंडातनं आवाज निघायचा आणि प्रत्येक आवाजाला यांची मान खाली जायची.

डॉक्टर चौगुले म्हणजे तरणा मुलगा. चष्मा, दाढी, पायात पळायचे बूट. पण आप्पासोला बघताच त्यानं एकही प्रश्न विचारण्यात वेळ घालवला नाही. आत घेतलं, दार लावलं. आम्ही बाहेर. थोड्या वेळानं आतनं आप्पासोचा आवाज आला, "सुटलो रे भैरोबा!" आणि बाळाबाई रडायला लागली.

आम्हाला आत बोलावलं तेव्हा नळी घातली होती आणि खाली पिशवी भरत होती. डॉक्टर आप्पासोचा फोन हातात घेऊन उभा होता.

"मला हेच कळत नाही," तो म्हणाला. "यांचा आकडा सहा आहे. मी बघितलाय. मला वाटलं औषध उत्तम लागू पडलंय, म्हणून मी पुढची तारीख लांबची दिली. सहा आकडा असलेल्या माणसाची लघवी अशी तुंबत नाही, काका. हे कधीपासून आहे?"

आप्पासो डॉक्टरशी बोललाच नाही. तो यांच्याकडं बघत होता.

"वस्ताद, तुमची गोळी आणि माझी गोळी एकच," तो म्हणाला. "एकाच दुकानातनं आणतोय आपण. तुमास्नी उतार पडला, चार झाला. माझा कायबी उतरंना. मला वाटलं, औषधात खोट न्हाई. माझ्यातच खोट हाय. मग कुठल्या तोंडानं खरा आकडा टाकू?"

गुंडू भिंतीला टेकून उभा होता. "मलाबी तसंच वाटलं," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

तालमीत वस्ताद कधी "जोर काढा" असं ओरडत नाही, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं. वस्ताद नुसता खाली वाकतो. तो वाकला की हौद्यातल्या सगळ्या पाठी त्याच्यामागं वाकतात, तो थांबला की थांबतात. कुणी का म्हणून विचारत नाही. नवी नवरी असताना मी भिंतीच्या फटीतनं चोरून बघितलं होतं ते. पंधरा-वीस उघड्या पाठी, आणि सगळ्यांत पुढं यांची.

आता दवाखान्यात हे उभे होते आणि मी यांच्या तोंडाकडं बघत होते. मला वाटलं, रागावतील. आप्पासोला म्हणतील, मूर्खा, मला विचारायचं नाहीस? किंवा नुसते बाहेर निघून जातील. जीभ माझ्या दातापर्यंत आली होती. गावात कुणाला विचारा, मालनबाई गप्प बसली असा एक दिवस दाखवा म्हणून. त्या दिवशी मी बसले.

हे स्टूल ओढून आप्पासोच्या उशाशी बसले. खिशातला फोन काढून डॉक्टरपुढं धरला.

"ह्यातलं सगळं पुसा."

"पुसता येत नाही, आजोबा. नवीन भरता येतं."

"मग भरा. मी सांगतो, तुम्ही बोट लावा. रात्री उठणं? पाच वेळा. कवा सहा. धार? धार कुठली, ठिपकं पडत्यात. थांबून थांबून? व्हय. घाई? व्हय, आणि पोचंस्तवर धोतर भिजतंय."

यांचा आवाज मैदानातला. हळू बोलायची सवयच नाही. दार उघडं होतं आणि बाहेर बाकावर बसलेली माणसं माना वळवून आत बघत होती. हे थांबले नाहीत.

"चक्कर? व्हय. गोळी घेतली? न्हाई. तीन दिवस झालं घेतली न्हाई."

"मालक!" माझ्या तोंडातनं निघालंच. हे मलाही ठाऊक नव्हतं.

"मैदानात अंधारी येऊ नये म्हणून सोडली," हे डॉक्टरलाच म्हणाले. "आता आकडा किती हुतोय?"

डॉक्टरनं फोनकडं बघितलं. "अठ्ठावीस." म्हणजे जेवताना माझ्यापुढंसुद्धा यांनी चार कमीच सांगितले होते.

हे गुंडूकडं वळले. "ऐकलंस? अठ्ठावीस."

गुंडूनं डोळे पुसले आणि स्वतःचा फोन डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. "माझंबी घ्या, डॉक्टर. पहिल्यापासनं घ्या."

डॉक्टरनं यांना त्याच वेळी मशीनवर तपासलं. लघवी करून आल्यावरही पोटातली लघवीची पिशवी भरलेलीच होती, आत कळेल न कळेल असं साठत चाललं होतं आणि मूत्रपिंडावर ताण आला होता. असंच रेटलं असतं तर मैदानातच काय झालं असतं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. आता नळी, जरा सावरलं की ऑपरेशन. आणि उन्हात उभं राहायचं नाव काढायचं नाही.

"जत्रा हाय आमची," हे म्हणाले.

"जत्रा बसून बघा, आजोबा. सावलीत."

हे छताच्या पंख्याकडं बघत राहिले. मी यांचा चेहरा वाचू शकते असा माझा समज आहे, पण तेव्हा वाचता आला नाही.

"गुंडू, एक नंबरला शिट्टी तू मारायची."

"वस्ताद, मी? माझ्यानं कसं..."

"रडू नगंस. पंच रडायला लागला तर हरलेल्या पैलवानानं काय करायचं?"

आप्पासो नळीसकट हसला आणि मग कळ आली म्हणून ओरडला.

नळीची पिशवी धोतराच्या आत लपंना. मी यांच्या जुन्या फेट्याची एक थैली शिवली, गुलाबी, खांद्याला अडकवून मांडीखाली लोंबेल असे लांब बंद लावलेली. जत्रा कमिटीची माणसं घरी आली. सरपंच म्हणाला, "वस्ताद, तुम्ही येऊन नुसतं बसा. आम्ही माईकवरनं सांगतो, ताप आलाय म्हणून. थैली कुणाच्या नजरंला यायची न्हाई अशी खुर्ची टाकतो." हे हं म्हणाले. मला वाटलं, बरं झालं. मलाही तेच हवं होतं.

मैदानाच्या दिवशी बायका शाळेच्या स्लॅबवर बसतात. खाली मैदानात आम्ही जात नाही, पण वरनं सगळं दिसतं. जत्रेला आलेल्या पाहुण्या बायकांनी स्लॅब गच्च भरली होती. मी कठड्याजवळ जागा धरली. खाली माणसांचा समुद्र, हलगी कडाडत होती, मधोमध लाल हौदा. मंडपाच्या सावलीत पहिल्या ओळीत हे, डोक्याला फेटा, खुर्चीच्या पायाशी आडोशाला गुलाबी थैली.

लहान कुस्त्या झाल्या. एक नंबरचे पैलवान हौद्यात उतरले, गुंडू शिट्टी गळ्यात घालून मधे उभा राहिला. एका पायावरनं दुसऱ्या पायावर होत होता, मला वरनं दिसत होतं. निवेदक माईकवर म्हणाला, "यंदा आपले लाडके हिंदुराव वस्ताद किरकोळ तापामुळं पंच म्हणून उभे राहू शकत नाहीत..."

यांनी हात वर केला. मैदानात यांचा हात वर गेला की हलगीसुद्धा थांबते. थांबली. हे उठले, सावकाश, खांद्याला थैली अडकवून, आणि निवेदकाच्या हातातनं माईक घेतला.

"ताप न्हाई. लघवी तुंबलीया."

मैदान हसलं. मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. हे हसू संपायची वाट बघत उभे राहिले.

"हसा. ही बघा थैली. माझ्या मालकिणीनं शिवली. आत नळीची पिशवी हाय." यांनी ती उचलून दाखवली. "डॉक्टरनं मोबाईलात खरं टाकायला सांगितलं हुतं. मी खोटं टाकलं. शिट्टी जाईल म्हणून. अठ्ठावीस हुता, चार टाकला. माझं बघून माझ्या तालमीनं खोटं टाकलं आणि आप्पासो वर जाता जाता ऱ्हायला. तालीम चुकली तर चूक वस्तादाची असती. म्हणून सगळ्यांच्या समोर सांगतोय. तुमच्यातल्या ज्याला रात्री उठावं लागतंय, त्यानं डॉक्टरपुढं ताकद दावू नये. एवढंच. गुंडू, पाय घट्ट रोव आणि शिट्टी मार."

पण गुंडूनं शिट्टी मारली नाही. कारण मंडपाच्या कडेला एक पांढऱ्या मिशीचा म्हातारा उभा राहिला होता. परगावचा, मी ओळखत नव्हते.

"वस्ताद," तो ओरडून म्हणाला, "त्यो डॉक्टर बसतोय कुठं?"

कुणीतरी हसलं. पण त्याच्यामागं दुसरा उठला. मग तिसरा, काठी टेकत. हे माईक हातात धरून त्यांना पत्ता सांगायला लागले, स्टँडपासून कुठं वळायचं, पायऱ्या किती, सगळं.

माझ्या पुढ्यात एक पाहुणी बाई येऊन उभी राहिली होती, तोंडाला पदर लावून. ती शेजारणीला म्हणाली, "अगं बाई, भर मैदानात लघवीचं बोलतोय! कुठला म्हातारा गं हा?"

"माझा मालक हाय त्यो," मी म्हटलं. "सरक जरा. मला दिसंना झालंय."